‘डायसी’ म्हणताय? मग या चुका टाळा

ऑफिसातल्या एका मुलीने मेलमध्ये लिहिलं होतं, ‘आय ॲम डायसी अबाउट कमिंग ऑन मंडे.’ सोमवारी येणं जमेल की नाही, माझं अजून ठरत नाहीये, एवढंच तिला सांगायचं होतं. पाठवण्याआधी मला दाखवलं म्हणून बरं झालं.

या शब्दाची आपल्याकडे सर्रास होणारी चूक हीच. डायसी (dicey) म्हणजे बेभरवशाचं, जोखमीचं. तशी असते ती परिस्थिती, आपलं मन नव्हे. मनाचं तळ्यात-मळ्यात चाललं असेल तर सरळ ‘आय ॲम नॉट शुअर’ म्हणावं. ‘मंडे लुक्स अ बिट डायसी’ मात्र चालतं, कारण तिथे सोमवारचंच काही खरं दिसत नसतं.

शब्दाचं मूळ कळलं की अर्धा घोळ मिटतो. डाइस म्हणजे फासे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक जिवावरच्या उड्डाणाला ‘डायसिंग विथ डेथ’ म्हणत, म्हणजे मरणाशी फासे खेळणं. डायसी हा शब्द रुळला तो याच वैमानिकांच्या बोलीतून. त्यामुळे दान कसंही पडू शकतं, हा भाव त्यात हवाच. उघड्या वायरला ओल्या हाताने शिवणं डायसी नाही. तिथे कसले आलेत फासे? ते सरळ डेंजरस.

वैमानिकांच्या बोलीतली आणखी एक लकब शब्दाला चिकटून राहिली, ती म्हणजे कमी करून सांगायची. इंग्रज माणूस ‘अ बिट डायसी’ म्हणाला म्हणजे धोका थोडाच आहे, असं धरून चालू नका. आपले जुने डॉक्टर नाही का, खाटेजवळून उठताना ‘जरा कठीण दिसतंय’ म्हणायचे? त्या ‘जरा’चा अर्थ घरातल्यांना बरोबर कळायचा. म्हणूनच डायसीचं मराठी करताना ‘धोकादायक’ लिहिलं की सूर बिघडतो. धोकादायक हा पाटीवरचा शब्द आहे. ‘जरा अवघडच दिसतंय’, ‘काही भरवसा नाही’, ‘रामभरोसे आहे’ यांतलं प्रसंगाला शोभेल ते घ्या.

डायसी आणि डॉजी यांचीही गल्लत होते. समजा, तुम्ही जुनी बाइक बघायला गेलात. चेसिस नंबर खरवडलेला, आरसी ‘पुढच्या आठवड्यात देतो’, आणि विकणारा नजर चुकवतोय. ही बाइक डॉजी, तो माणूसही डॉजी, म्हणजे गोलमाल. तीच बाइक गुळगुळीत टायरांसकट जुलैत ताम्हिणी घाटात घातलीत, तर तो प्रवास डायसी. वास मारणाऱ्या दुधालासुद्धा डॉजीच म्हणतात. बेभरवशाच्या सहकाऱ्याला ‘ही इज डायसी’ म्हणण्यापेक्षा ‘अनरिलायबल’ म्हणा. (समोर म्हणू नका, हे वेगळं सांगायला नको.)

कर्जाचा अर्ज, विम्याचा प्रस्ताव, क्लायंटला जाणारा अहवाल यांत हा शब्द नकोच. तिथे ‘रिस्की’ किंवा ‘हाय रिस्क’. डायसी हा चहाच्या टपरीवरचा, व्हॉट्सॲप ग्रुपवरचा शब्द आहे. ‘ट्रेकचं डायसी वाटतंय रे, पाऊस बघ’ हे तिथे अगदी फिट्ट बसतं.

उच्चार डायरीतल्या ‘डाय’सारखा, ‘डिसी’ नाही, ‘डायसे’ही नाही. तुलना करताना ‘मोर डायसी’पेक्षा ‘डायसिअर’ बरं. रेसिपीत ‘डाइस द पोटॅटोज’ दिसलं तर घाबरू नका, बटाट्याच्या फाशांएवढ्या चौकोनी फोडी करायच्या आहेत, इतकंच. सभागृहातला ‘डायस’ तर वेगळाच शब्द. त्याचा इथे काही संबंध नाही.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांसाठी एक. कायद्याच्या अधिराज्याच्या प्रकरणात भेटणारे डायसी म्हणजे अल्बर्ट व्हेन डायसी, ब्रिटिश घटनापंडित. स्पेलिंग तेच, उच्चारही तोच. पण त्यांचा गाजलेला ग्रंथ १८८५ चा आणि ते वारले १९२२ मध्ये. वैमानिकांचा डायसी रुळला तो त्यानंतर. तेव्हा ‘डायसीज रूल ऑफ लॉ’चं भाषांतर ‘कायद्याचं बेभरवशाचं राज्य’ असं करू नका, मनातून कितीही वाटलं तरी.