रायडिंग मोअरचं डेक समपातळीत आणताना

रायडिंग मोअरने (बसून चालवायच्या गवत कापणी यंत्राने) गवत पायऱ्यापायऱ्यांनी कापलं जात होतं, म्हणजे डेक (पात्यांवरचं पत्र्याचं कवच) एका अंगाला झुकलेलं. पान्याला हात लावण्याआधी टायरची हवा बघा. एका चाकात ती कमी असली की सरळ डेकही तिरकं बसतं. मॅन्युअलप्रमाणे चारही चाकांत हवा भरली.

सपाट काँक्रीटवर मोअर लावला, इंजिन गार झाल्यावर स्पार्क प्लगची वायर काढली, जाड हातमोजे घातले. कापायची उंची नेहमीचीच ठेवली. पाती आडवी करून डाव्या-उजव्या बाहेरच्या टोकांपासून जमिनीपर्यंत मोजलं. फरक 3 मिमीच्या आत हवा. इथे 9 निघाला. खाली गेलेल्या बाजूच्या लिफ्ट लिंकचा (डेक टांगून धरणाऱ्या दांड्याचा) नट थोडाथोडा फिरवत, दर वेळी मोजत ती बाजू उचलली. डेकच्या कडेवरून मोजू नका, पत्रा ठोकर लागून वाकलेला असू शकतो.

पातं अर्धा फेरा फिरवून त्याच जागी पुन्हा मोजा. आकडा बदलला तर पातंच वाकलंय. ते बदलायलाच हवं.

मग पाती फिरवून त्यांची टोकं पुढे-मागे आणली. पुढचं टोक मागच्यापेक्षा साधारण 3 ते 12 मिमी खाली लागतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. पुढचं टोक उंच राहिलं तर कापलेलंच गवत मागे पुन्हा कापलं जातं आणि इंजिनवर ताण येतो. पुढच्या रॉडच्या नटाने हे जुळवून लॉकनट घट्ट केला.