कच्च्या लोकरीपासून घरच्या घरी सूत

मोठ्या गिरणीत अनेक कळपांची लोकर एकत्र मिसळली जाते. एखादे कुटुंब मोजक्याच मेंढ्या पाळत असेल, तर मात्र प्रत्येक मेंढीची लोकर वेगळ्या पोत्यात ठेवता येते आणि करड्या, तपकिरी किंवा काळ्या मेंढीचा मूळ रंग न रंगवताच सुतात उतरतो. म्हणून लोकर घेताना ती एकाच मेंढीची आहे का, हे आधी विचारावे.

घेण्यापूर्वी आणखी एक परीक्षा करावी. बोटाएवढी जाड बट दोन्ही टोकांना धरून कानाजवळ न्यावी आणि झटक्याने ताणावी. नुसता टणकारा आला, तर तंतू दमदार आहेत. चरचर ऐकू आली, तर तंतू मध्येच कमकुवत झालेले असतात. मेंढी आजारी पडली किंवा तिची उपासमार झाली, की त्या काळात वाढलेला तंतूचा भाग बारीक राहतो आणि पिंजताना नेमका तिथेच तुटतो. अशी लोकर स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

कातरलेली लोकर बहुधा अखंड चादरीसारखी उतरते. ती पसरून पोटाखालचा, पायांचा आणि शेपटीजवळचा लेंड्या चिकटलेला भाग काढून टाकावा. कात्री एकाच जागी दोनदा फिरल्याने पडलेले आखूड तुकडेही झटकून टाकावेत, कारण पुढे त्यांच्याच गाठी सुतात दिसतात.

सारे यश धुण्यावर अवलंबून असते. लोकरीतील घामाचे क्षार गार पाण्यातही विरघळतात, म्हणून लोकर रात्रभर साध्या पाण्यात भिजवली, तर निम्मी घाण तशीच निघते. लोकरीवरच्या नैसर्गिक मेणासाठी मात्र गरम पाणीच लागते. हे मेण चाळीस अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे पाणी साठ अंशांच्या जवळपास ठेवावे, त्यात भांडी घासण्याचा सौम्य द्रव मिसळावा, लोकर जाळीच्या पिशवीत घालून अलगद बुडवावी आणि पाणी कोमट होण्याआधीच, म्हणजे साधारण पंधरा-वीस मिनिटांत, बाहेर काढावी. नाहीतर सुटलेले मेण पुन्हा तंतूंवर बसते. धुण्याचा सोडा वापरू नये, कारण अल्कली लोकरीला मारक असते. खळबळण्याचे पाणीही तितकेच गरम असावे. मी एकदा घाईने नळाची धार थेट गरम लोकरीवर सोडली आणि दोन-तीनदा दाबून पिळली. हाती आला तो नमद्याचा, म्हणजे एकमेकांत घट्ट अडकलेल्या लोकरीचा, गोळा. प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात. उष्णता, ओलावा आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत.

लोकर सावलीत, जाळीवर पसरून सुकवावी. नंतर दातेरी फण्यांच्या जोडीने ती हलक्या हाताने पिंजून तिचे पेळू, म्हणजे कातण्यासाठीच्या सैल गुंडाळ्या, वळावेत. फणी जोराने ओढली, तर तंतू तुटतात.

नवशिक्याने चरख्याऐवजी टकळीने, म्हणजे हाताने फिरवायच्या चातीने, सुरुवात करावी, कारण हवे तेव्हा थांबता येते. टकळी उजवीकडे फिरवावी आणि पीळ चढण्यापूर्वीच तंतू चिमटीतून सरकवून पातळ करावेत. पीळ चिमटीच्या मागे शिरला, की पेळू ओढला जात नाही. पहिले सूत जाडेभरडे निघेल, ते चालते. दोन टकळ्या भरल्या, की दोन्ही धागे उलट दिशेने एकत्र पिळून दुपेडी सूत करावे. त्याचा सैल फास हवेत लोंबू द्यावा: तो स्वतःभोवती गुंडाळला गेला नाही, तर पीळ समतोल आहे.

शेवटी सुताची लड, म्हणजे मोठ्या वेढ्यांची गुंडाळी, चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवावी, टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपावे आणि लड टांगून वाळवावी. खाली वजन लावू नये, त्याने धाग्याची लवचीकता जाते. विणायला बसण्यापूर्वी तळहाताएवढा नमुना विणून, धुऊन, वाळवून मग मोजावा. कारण हाताने कातलेले सूत धुतल्यावर फुलते आणि टाक्यांचा हिशेब तेव्हाच खरा ठरतो.