घरच्या घरी इंजिन-गिअरबॉक्स उचलताना या चुका टाळा

1 जूनला मासेमारी बंद झाली की आमच्या रत्नागिरीकडे बोटींची इंजिनं, गिअरबॉक्स उतरायला लागतात. बंदी 31 जुलैपर्यंत, म्हणजे हातात दोन महिने. तरी घाई सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात, आणि पडवी-पडवीत तेच ते प्रकार.

पुली वाशाला टांगू नका. वासा कौलं पेलायला असतो. वरून ठणठणीत, आतून वाळवीने पोखरलेला असला तर कळणार कसं? मी जाड पाइपांचं तिकाटणं उभं करतो आणि तिन्ही पाय खाली साखळीने एकमेकांना बांधतो. ओल्या लादीवर ते हमखास फाकतात.

आता आखूड दोर. दोन वर्षांपूर्वी पुतण्या मदतीला होता. गिअरबॉक्स दीडशे किलोचा. तिकाटणं माझं, पुली माझी, वजन बांधायचा पट्टा तेवढा आखूड निघाला. लांब पट्टा आणायला मी माळ्यावर चढलो. एवढ्यात या शहाण्याने कुंपणावर उन्हात वाळलेला जुना नायलॉनचा दोर काढला, गिअरबॉक्सच्या दोन्ही आय बोल्टांतून (डोक्याला गोल कडी असलेले बोल्ट) ओवला आणि हुकाला असा ताणून बांधला की तो जवळजवळ आडवाच. वरून मला ओरडून सांगतोय, "काका, तीनशे किलो धरतो हा!"

धरत असेल, नवा होता तेव्हा. दोराचे दोन पाय, म्हणजे हुकापासून बोल्टांपर्यंतच्या दोन बाजू, आडव्याशी 60 अंशांत असतील तर दीडशे किलोला प्रत्येक पायावर 87 किलोच्या आसपास ताण येतो. 30 अंशांवर प्रत्येकी पूर्ण 150. 15 अंशांवर 290. गिअरबॉक्स तोच, फक्त दोर आखूड. शिवाय आय बोल्ट सरळ वर ओढायला असतो, आडव्या ओढीत तो वाकतो.

वीतभर उचलला आणि दोर फटाक्यासारखा तुटला. फरशीचे तीन तुकडे, फ्लँजची (जोडाच्या पाळीची) कड उडाली, पोराच्या दंडावर दोराचा लाल वळ. पाय हातभर लांब होता म्हणून वाचला. अकलेने नाही, पायात घालायला चप्पल शोधत होता म्हणून.

"दोघं मिळून उचलू" म्हणणाऱ्यांसाठी: 30 बाय 30 बाय 10 सेंटिमीटरचा बिडाचा भरीव ठोकळा 65 किलो भरतो.

बोल्टाची भोकं जुळली का हे बोट घालून बघायचं नाही. सळई घाला.

लटकत्या वजनाखाली ठोकळे सरकवत राहा. जेवायला जाताना ते टांगून जाऊ नका.

आणि माझं खास दुखणं: पावसाआधी गंजाच्या धास्तीने चेन पुलीला तेलाने न्हाऊ घालणारे. साखळीला तेल हवंच, खारी हवा तिला सोडत नाही. पण आतल्या ब्रेकच्या तबकड्या घर्षणावर वजन धरतात. तिथे तेल झिरपलं की वजन आपसूक खाली यायला लागतं. मी तेलकट फडक्याने फक्त साखळी पुसतो आणि पुली कोरड्या गोणीत ठेवतो. काम सुरू करताना वजन चार बोटं उचलायचं, साखळी पुलीत शिरते तिथे खडूची रेघ मारायची आणि चहा घ्यायचा. कप रिकामा होईपर्यंत रेघ खाली आली असेल तर वजन उतरवून पुली दुरुस्तीला. घरी डिझेलने धुऊ नका, तबकड्या तेही पितात.