थ्रीडी व्ह्यूचा धंदा सुरू करताय? मशीन घ्यायच्या आधी हे वाचा

न बांधलेली बिल्डिंग कॉम्प्युटरवर खऱ्यासारखी दाखवणारं चित्र म्हणजे थ्रीडी व्ह्यू, तो माझा धंदा, आणि त्याबद्दल विचारणारा महिन्यातून एखादा तरी फोन येतोच. शेवटच्या वर्षाचा आर्किटेक्चरचा पोरगा असतो नाहीतर आर्किटेक्टकडे दोन वर्षं ड्राफ्टिंग करून कंटाळलेली एखादी मुलगी, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, ग्राफिक कार्ड कुठलं घेऊ?" मी विचारतो पार्ट्या, म्हणजे काम देणारी गिऱ्हाइकं, किती आहेत हातात. मग पलीकडे शांतता.

मी स्वतः पण असंच केलं होतं, आधी मशीन मग काम, आणि पहिले चार महिने त्या मशीनवर गेमच खेळलो. त्यामुळे सांगतो, कार्डामुळे हा धंदा बुडालेला मी तरी अजून पाहिला नाही, तो बुडतो फुकटात केलेल्या चेंजमुळे आणि अडकलेल्या पैशामुळे, आणि या दोन्हीचा बंदोबस्त पहिलं काम घ्यायच्या आधीच करावा लागतो.

तरी मशीनचं थोडक्यात. नुसते स्टिल व्ह्यू, म्हणजे न हलणारी चित्रं, करणार असाल तर मधल्या रेंजचं कार्ड, भरपूर रॅम आणि चांगला यूपीएस, झालं. सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक स्टुडिओ मॉडेल बनवायला थ्रीडीएस मॅक्स आणि त्यातून चित्र काढायला (याला रेंडर म्हणतात) कोरोना नाहीतर व्ही-रे वापरतात, आर्किटेक्ट मंडळी स्केचअप आणि एनस्केप किंवा डी५ वर असतात. पैसे नसतील तर ब्लेंडर पूर्ण फुकट आहे, आणि ट्विनमोशन, अनरियल हे २०२४ पासून वर्षाला १० लाख डॉलरच्या आत उलाढाल असलेल्यांना फुकट आहेत, म्हणजे तुमच्या माझ्यासाठी फुकटच. क्रॅक, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर, वापरू नका. नोटीस येते तेव्हा घाम फुटतो हे एक, आणि दुसरं म्हणजे मॅक्सच्या फाईलमधून पसरणारे स्क्रिप्टचे व्हायरस असतात, फुकटच्या मॉडेलबरोबर एक आला की सगळ्या जुन्या फाईली खराब करून जातो.

आता रेट. सगळे विचारतात मार्केटमध्ये व्ह्यूचा काय रेट चाललाय. मार्केटमध्ये दोन हजारात करणारा पण आहे आणि पंचवीस हजार घेणारा पण, त्यातून तुम्हाला काय कळणार? स्वतःचा हिशोब मांडा. समजा तुम्हाला घरी महिन्याला ६०,००० न्यायचेत. मशीन २,४०,००० चं, तीन वर्षं चालेल असं धरा, म्हणजे महिन्याला साधारण ६,७००. सॉफ्टवेअर, लाईट, नेट, मॉडेल विकत घेणं असे १२,००० धरा. झाले जवळजवळ ७९,०००. महिन्यात २५ दिवस आठ तास म्हणजे २०० तास, पण त्यातले अर्धे फोन, साईट व्हिजिट, "साहेब मीटिंगमध्ये आहेत" आणि पैशाचा तगादा यात जातात, बिल लावता येतात असे १००च तास. म्हणजे तासाला ७९० रुपये. एका एक्स्टेरिअर व्ह्यूला १४ तास लागत असतील तर ११,००० च्या खाली तुम्ही पदरचे पैसे घालताय. दोन हजारवाल्याशी भांडायला जाऊ नका, तो एकतर कॉलेजात आहे नाहीतर वर्षभरात नोकरीला लागणार आहे.

वॉकथ्रूचा, म्हणजे बिल्डिंगमधून फिरवून आणणाऱ्या व्हिडिओचा, हिशोब तर वेगळाच कागदावर करा. एक मिनिट म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमने, म्हणजे चित्रांनी, १,५०० फ्रेम. एका फ्रेमला दहा मिनिटं लागली तर १५,००० मिनिटं, म्हणजे २५० तास, एका मशीनवर दहा दिवसांच्या वर, दिवसरात्र. मशीन ६०० वॅट ओढत असेल तर १५० युनिट. आणि अकराव्या दिवशी फोन येतो की गेटवरच्या नावाचा फॉन्ट बदलायचाय. म्हणून एकतर लगेच चित्र काढणाऱ्या रिअल-टाइम सॉफ्टवेअरमध्ये करा, नाहीतर रेंडर फार्मचा, म्हणजे भाड्याने घेतलेल्या बऱ्याच मशीनचा, खर्च कोटेशनमध्ये वेगळी ओळ म्हणून लावा आणि पुन्हा रेंडर करावं लागलं तर तोही पार्टीचा असं स्पष्ट लिहा.

चेंजबद्दल जरा सविस्तर बोलतो कारण मी इथेच पोळलोय. एका बिल्डरचं अकरा मजली बिल्डिंगचं काम होतं, पाच व्ह्यू आणि दीड मिनिटाचा वॉकथ्रू. सगळं फायनल झालं, आणि मग टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क, मिळाला म्हणून बिल्डिंग तेरा मजल्यांची झाली. "दोन मजले कॉपी-पेस्ट तर करायचेत, त्यात काय एवढं?" मी पण नवीन होतो, केलं. पण मजले वाढले म्हणून दर्शनी बाजूच्या पट्ट्या (फिन) बदलल्या, पार्किंगचा पोडियम बदलला, कॅमेरे पुन्हा लावावे लागले, वॉकथ्रू तर अख्खा पुन्हा रेंडर. एक रुपया जास्त मिळाला नाही आणि मूळ बिल सात महिन्यांनी आलं, ते पण "राऊंड फिगर" करून. चूक त्यांची कमी, माझी जास्त, कारण लेखी काहीच नव्हतं.

तेव्हापासून माझं कोटेशन दीड पानाचं असतं. किती व्ह्यू, कुठल्या साईजचे, कुठल्या तारखेच्या ड्रॉइंगवरून हे सगळं त्यात. ड्रॉइंगची तारीख लिहायचीच, कारण नवीन ड्रॉइंग आलं की ते नवीन काम. आधी पांढरा क्ले रेंडर, म्हणजे रंग-मटेरियल नसलेलं चित्र, पाठवायचा, त्यावर कॅमेरा आणि बिल्डिंगचा आकार मंजूर करून घ्यायचा, "ओके" हा शब्द लेखी आल्याशिवाय मटेरियलला हात लावायचा नाही. मग मटेरियल, लाईट आणि त्यावर दोन वेळा दुरुस्त्या, तिसऱ्यापासून तासाप्रमाणे. पैसे ५० टक्के आधी, ३० कमी रिझोल्यूशनचा रंगीत व्ह्यू पाहिल्यावर, आणि उरलेले २० आल्यावरच वॉटरमार्क नसलेली मोठी फाईल. शिवाय दुरुस्त्या सांगणारा माणूस एकच हवा. नाहीतर बिल्डर एक सांगतो, त्याची बायको लॉबीचा रंग दुसरा सांगते, वास्तुवाले प्रवेशद्वार फिरवायला लावतात आणि अॅडवाली एजन्सी व्हॉट्सअॅपवर दुबईच्या टॉवरचा फोटो टाकते, "असा फील हवा".

पैसे अडकू नयेत म्हणून अजून एक काम, सरकारची लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी करा. ऑनलाईन आहे, फुकट आहे, आणि नंबर प्रत्येक बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही असं आलंय की या मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच दाखवता येतो. हे बिल्डरला सांगून काही होत नाही, त्याच्या अकाउंटंटला सांगा. मार्चमध्ये तोच स्वतःहून फोन करतो. जीएसटी नोंदणी सेवांना २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीची नाही, पण मोठे बिल्डर नंबर मागतात, तेव्हा सीएशी एकदा बोलून घ्या.

रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा कायदा, त्याचं पण लक्षात ठेवा. जाहिरातीतल्या खोट्या गोष्टीवर विसंबून कोणी पैसे भरले तर रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे भरपाईची जबाबदारी प्रमोटरवर येते. म्हणजे बिल्डरवर, आपल्यावर नाही, पण भांडण झालं की "थ्रीडीवाल्याने टाकलं" असं म्हणायला कोणी लाजत नाही. मंजूर नकाशात नसलेला स्विमिंग पूल टाकायला सांगितला तर ते ईमेलवर मागून घ्या आणि चित्राच्या कोपऱ्यात ही कलात्मक कल्पना आहे असं लिहा.

उन्हाचं पण तसंच. बिल्डरला प्रत्येक बाजू सोनेरी उन्हात हवी असते. पुण्यात दुपारच्या वेळी सूर्य उत्तरेकडे असतो तो साधारण मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतच, आणि तेव्हाही कलतो जेमतेम पाच अंश. म्हणजे उत्तरेच्या बाल्कनीत डिसेंबरच्या दुपारी ऊन दाखवलं तर ते सरळ खोटं. सॉफ्टवेअरमध्ये आधी गावाचं लोकेशन टाका, मी स्वतः एकदा अमेरिकेतलं डिफॉल्ट लोकेशन तसंच ठेवून कात्रजच्या बिल्डिंगवर तिकडचं ऊन पाडलं होतं, आर्किटेक्टने बरोबर पकडलं. पाईनची झाडं आणि लोकरीचे कोट घातलेली माणसं पण काढून टाका, गुलमोहर, सोनचाफा, साडीतली बाई असे मॉडेल शोधून एकदाच लायब्ररी बनवा.

एवढी रड ऐकल्यावर वाटेल मग करायचं कशाला. तर कामं भरपूर आहेत, फक्त सगळे बिल्डरच्याच दारात उभे राहतात. मला सध्या सगळ्यात चांगली वाटते ती सोसायट्यांची रिडेव्हलपमेंट. पुण्या-मुंबईत जुन्या सोसायट्या पाडायला निघाल्यात, आणि सभेत बसलेल्या निम्म्या लोकांना प्लॅन वाचता येत नाही. कोथरूडच्या एका मीटिंगमध्ये मी मस्त लॉबी दाखवत होतो, पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "ते राहू दे बाळा, धुणं कुठे वाळत घालायचं ते दाखव." माझ्याकडे नव्हतं. पुढच्या रविवारी ड्राय बाल्कनी, दोरीवर टॉवेल, वॉशिंग मशीनची जागा आणि हॉलमध्ये देवघर असे तीन साधे व्ह्यू घेऊन गेलो, दिसायला काही खास नव्हते. लोकांनी लॉबीपेक्षा जास्त वेळ तेच पाहिले. त्या कमिटीकडून पुढे अजून दोन सोसायट्या मिळाल्या. कमिटी पैसे वेळेवर देते, मात्र चेकवर दोन सह्या लागतात आणि त्यातले एक काका नेमके मुलाकडे अमेरिकेला गेलेले असतात.

दुसरी संधी दुबईची. तिथे फ्लॅट बांधायच्या आधीच विकले जातात म्हणजे चित्राशिवाय गाडी हलत नाही, आणि वेळेत फरक फक्त दीड तासाचा, त्यामुळे अमेरिकेच्या कामासारखं रात्र रात्र जागावं लागत नाही. ओळखीचा कोणी तिकडे आर्किटेक्टकडे नोकरीला असेल तर त्याच्यामार्फत एक छोटं काम घेऊन बघा. पण त्यांना वेळ म्हणजे वेळ.

एआयचं काय, हे तर रोजच विचारतात. कन्सेप्टचे, मूडचे व्ह्यू आता आर्किटेक्ट स्वतःच काढतात, ते काम गेलं समजा. पण ड्रॉइंगप्रमाणे खिडकी चार फुटांचीच आणि पाचव्या मजल्यावरची पुढच्या व्ह्यूमध्येही तिथेच, हे अजून त्याच्याकडून भरवशाने होत नाही. मी झाडं, माणसं, आभाळ सुधारायला वापरतो. फक्त "सुंदर चित्र" एवढंच विकणार असाल तर अवघड आहे.

पोर्टफोलिओ नसेल तर काल्पनिक व्हिला करत बसू नका, सगळ्यांकडे तोच व्हिला आहे. तुमच्या गल्लीतली एखादी उभी बिल्डिंग घ्या, संध्याकाळी सहाला फोटो काढा, तीच वेळ, तोच कॅमेरा लावून रेंडर करा आणि दोन्ही शेजारी ठेवून आर्किटेक्टला दाखवा. अशी तीन पुरतात.

आणि वेळापत्रकाचं एक. पितृपक्षात बिल्डर लाँच करत नाहीत म्हणून नवीन पोरं त्या दिवसात सुट्टी ठरवतात, पण दसऱ्याच्या लाँचचं सगळं काम नेमकं त्याच पंधरा दिवसांत आपल्या डोक्यावर येतं, वर परतीचा पाऊस आणि लाईट जाणं. यूपीएसची बॅटरी गणपतीतच तपासून घ्या.