जखम लाल दिसली म्हणजे ती चिघळलीच असं नाही

विळीवर बोट कापलं की दुसऱ्या दिवशी ते लालसर होतं, सुजतं, गरम लागतं, ठणकतं. ही झाली दाहाची चार लक्षणं. रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकातच ती नोंदवून ठेवली आहेत. दाह म्हणजे शरीराने सुरू केलेली डागडुजी: रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी तिथे धावतात. पाय मुरगळला तरी घोटा असाच टम्म फुगतो, आणि तिथे जंतूंचा पत्ताही नसतो. म्हणून सूज दिसली की घरातली उरलेली अँटिबायोटिक गोळी घेण्यात अर्थ नाही.

साधा दाह दोन-तीन दिवसांत उतरणीला लागतो. जंतुसंसर्ग झाला असेल तर उलट होतं, ठणका वाढत जातो. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवा. काही तासांनी लाली रेघेबाहेर गेली असेल, तर दवाखाना गाठा. पू, ताप, हुडहुडी, बोटाकडून काखेच्या दिशेने चढणारी लाल रेघ दिसली तर त्याच दिवशी.

सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. हाताच्या मागच्या बाजूने दोन्हीकडची बोटं चाचपून बघा, गरमपणातला फरक लगेच कळतो. (जखमेत हळद दाबून भरली असेल तर काय, सगळंच पिवळं!) मधुमेह असेल तर मात्र ठणक्याची वाट पाहू नका, पायाची संवेदना कमी झाली असेल तर तो जाणवतच नाही.