गो भाषेचा नवा गार्बेज कलेक्टर स्वीकारताना

रत्नागिरीतील हापूसच्या पेट्यांची मागणी नोंदवणारी आमची सेवा गो भाषेत लिहिलेली आहे आणि एप्रिलमध्ये गर्दी वाढली की प्रोसेसरचा बराच वेळ निकामी मेमरी मोकळी करण्यातच जातो. ऑगस्ट 2025 मधील गो 1.25 मध्ये प्रयोगादाखल आलेला 'ग्रीन टी' हा गार्बेज कलेक्टर, म्हणजे निकामी मेमरी शोधून मोकळी करणारा भाग, 1.26 पासून आपोआप चालू असतो. तो स्वीकारण्याआधी त्याची कामाची रीत समजून घ्यावी.

जुना कलेक्टर पॉइंटरच्या, म्हणजे मेमरीतला पत्ता सांगणाऱ्या दुव्याच्या, मागे एका ऑब्जेक्टकडून (मेमरीत ठेवलेल्या माहितीच्या तुकड्याकडून) दुसऱ्याकडे धावत असे; म्हणजे एक आंबा या आढीतला चाचपायचा, दुसरा पलीकडच्या खोलीतल्या आढीतला, आणि तिसऱ्यासाठी पुन्हा पहिल्या आढीकडे यायचे. अशा येरझाऱ्यांत प्रोसेसर मेमरीची वाट पाहत ताटकळतो. ग्रीन टी लहान ऑब्जेक्टांच्या बाबतीत मेमरीचे 8 किलोबाइटचे अख्खे पान रांगेत लावतो, त्यावरची कामे साचू देतो आणि पेंढा एकदाच बाजूला सारून ती सारी एका बैठकीत उरकतो.

आता मोजणी. 'जीओडीबग' (GODEBUG) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये 'जीसीट्रेस=1' (gctrace=1) ठेवून प्रोग्राम चालवला की कलेक्टरच्या प्रत्येक फेरीची एक ओळ छापली जाते. तीत 40, 42, 21 एमबी असे आकडे दिसले, तर फेरी सुरू होताना हीप, म्हणजे प्रोग्रामने चालताना घेतलेली मेमरी ज्यात असते तो साठा, 40 होता, संपताना 42 झाला आणि त्यातला वापरातला भाग 21 निघाला, असे वाचावे. त्याच ओळीतील टक्केवारी, म्हणजे सुरुवातीपासून कलेक्शनवर गेलेला प्रोसेसरचा वेळ, सर्वांत महत्त्वाची आहे. गोच्या चमूने अपेक्षिलेली 10 ते 40 टक्के बचत या वेळातली आहे, संपूर्ण प्रोग्रामच्या वेळातली नव्हे. तुमचा आकडा 10 टक्के असेल, तर एकूण लाभ 1 ते 4 टक्क्यांचाच होईल.

त्यानंतर 1.26 वरच एकदा नेहमीप्रमाणे आणि एकदा 'जीओएक्सपेरिमेंट=नोग्रीनटीजीसी' (GOEXPERIMENT=nogreenteagc) देऊन, म्हणजे ग्रीन टी बंद ठेवून, बिल्ड करावे व दोन्हींवर गर्दीच्या दिवसाचा तोच भार टाकावा. सर्व्हर लहान असल्यास 'जीओमेमलिमिट' (GOMEMLIMIT) ही मेमरीची मर्यादा अवश्य ठरवावी, मात्र ती सौम्य, म्हणजे प्रसंगी ओलांडली जाऊ शकणारी, असल्याने उपलब्ध मेमरीपेक्षा थोडी कमीच ठेवावी.

कलेक्टर कितीही सुधारला, तरी प्रत्येक मागणीमागे नवी स्लाइस (गोमधील वाढवता येणारी यादी) वाढवत नेणारा कोड आपल्यालाच दुरुस्त करावा लागतो. पेट्यांची संख्या आधीच ठाऊक असते, तेव्हा स्लाइस तेवढ्याच क्षमतेची घ्यावी आणि मोजणी पुन्हा करावी.