रेपो रेटची बातमी आली की गावच्या घराच्या लोनचं काय बघायचं

रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, कमी केला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात सगळीकडे एकच विषय, आता लोन काढू की थांबू, आणि ज्यांचं चालू आहे ते विचारतात हप्ता कमी का नाही झाला. तर आधी आपलं सँक्शन लेटर (लोन मंजुरीचं पत्र) काढा आणि व्याजदर कशाला जोडलाय ते वाचा, बाकी सगळं त्यावर ठरतं.

1 ऑक्टोबर 2019 नंतर बँकेकडून घेतलेलं फ्लोटिंग (दर बदलत राहणारं) होम लोन असेल तर ते बहुतेक रेपोलाच जोडलेलं असतं, आणि तीन महिन्यांत एकदा तरी दर रीसेट करावाच लागतो. त्याआधीचं एमसीएलआरवालं (बँकेच्या स्वतःच्या खर्चावरून ठरणाऱ्या दराचं) लोन सावकाश हलतं. हाउसिंग फायनान्स कंपनीला रेपोची सक्तीच नाही, ती आपल्या दराने चालते, म्हणून शेजाऱ्याचा हप्ता उतरला म्हणजे तुमचाही उतरेल असं नाही. 2025 च्या सुरुवातीला रेपो 6.50 होता, डिसेंबरात 5.25 वर आला, तेवढा फरक तुमच्या दरात दिसतोय का ते तपासा, नसेल तर बँकेत जाऊन रेपोवर स्विच करायला काय फी लागते ते विचारा.

आता आकडा बघा. 25 लाख, 20 वर्षं, दर 8.50 चा 8.25 झाला तर हप्ता महिन्याला साधारण 400 रुपयांनी उतरतो, पण हप्ता तोच ठेवलात तर लोन दहा-अकरा महिने आधी संपतं. माझं मत, जमत असेल तर हप्ता तोच ठेवा.

पुढे दर कुठे जाणार याचा अंदाज हवा असेल तर दर महिन्याला येणारा महागाईचा आकडा बघत जा. रिझर्व्ह बँकेचं टार्गेट 4 टक्के आहे, वर-खाली 2 चालतात, त्यामुळे भाजी आणि कच्चं तेल भडकलं की कपातीची आशा कमी.

सरकारकडून येणाऱ्या बातम्या वेगळ्या. सप्टेंबर 2025 मध्ये सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 झाला, चिऱ्याचं घर असलं तरी स्लॅबला सिमेंट लागतंच. जमीन विकत घेणार असाल तर रेडी रेकनरकडे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दरांकडे, लक्ष ठेवा, त्याचे नवीन दर जाहीर झाले की 1 एप्रिलपासून लागतात आणि स्टॅम्प ड्युटी वाढू शकते. राहत्या घराच्या व्याजावर 2 लाखांपर्यंतची वजावट जुन्या टॅक्स रिजीममध्येच मिळते, नवीनमध्ये नाही.

पण खरं सांगायचं तर कोकणात लोन व्याजदरावर कमी आणि सातबाऱ्यावर जास्त अडतं. आजोबांच्या नावाची सामाईक जमीन, अर्धे हिस्सेदार मुंबईत, एखाद्याची वारसनोंदच नाही, अशा जागेवर बँक सहसा हात लावत नाही, मग रेपो कितीही उतरो. म्हणून दर कमी व्हायची वाट बघायचीच असेल तर तेवढ्या वेळात वारसनोंद आणि वाटप करून घ्या, गणपतीला सगळे गावी असतात तेव्हा सह्या मिळतात.

आणि बांधकामाचं लोन टप्प्याटप्प्याने मिळतं, पावसाळ्यात काम बंद पडलं तरी उचललेल्या पैशावर व्याज चालूच राहतं, त्यामुळे पहिला टप्पा पावसाच्या तोंडावर उचलू नका, दिवाळीनंतर उचला.